डॉटरेलची शिवण

वेल्टा ओझोला अडुसष्ट वर्षांची होती, तेव्हा तिनं कोंबड्यांच्या ताब्यातून एक गाडी सोडवून आणली.

झालं असं, की कारूंडाच्या पुढचा क्लाइव्ह ट्रेगर हा शेतकरी ट्रकच्या सीटला नवं रेक्झिन घालून घ्यायला ॲडलेडला तिच्या शेडवर आला होता. बोलता बोलता तो म्हणाला, की आमच्या मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये बापाच्या वेळची एक बुटकी स्पोर्ट्स कार पडून आहे, नाकावर कसलासा समुद्रपक्षी आहे. वेल्टाच्या हातातली कात्री थांबली. तिनं विचारलं, पक्षी उभा आहे की पळतोय? पळतोय, क्लाइव्ह म्हणाला. पुढच्या रविवारी ती दीडशे किलोमीटर गाडी हाकत त्याच्या दारात हजर.

गाडीच्या सीट उंदरांनी कधीच संपवल्या होत्या. त्यांच्या जागी गवत भरलेली खोकी होती, आणि ड्रायव्हरच्या खोक्यात एक तांबडी कोंबडी खुडूक बसली होती. वेल्टानं चोचीचे दोन-चार टोचे खाऊन तिला उचलून बाजूला ठेवलं आणि खाली वाकून चासीवरचा नंबर फडक्यानं पुसला. एक्केचाळीस. पेनहॉल कंपनीनं डॉटरेल या किनाऱ्यावर पळणाऱ्या पक्ष्याच्या नावाच्या अशा त्रेसष्ट गाड्या बांधल्या होत्या. पहिली सोडली तर त्यांच्या सीट वेल्टानं आणि तिच्याबरोबरच्या चौघींनी शिवल्या होत्या. पण एकाही डॉटरेलमध्ये वेल्टा आजवर बसलेली नव्हती.

क्लाइव्हला ती अडगळ हवीच होती कुठे? ट्रकची सीट आणि त्याच्या बायकोचा मोठा सोफा वेल्टानं नव्यानं करून द्यायचा आणि गाडी न्यायची, असं ठरलं. कोंबड्यांची दुसरी सोय क्लाइव्हनं बघायची, हेही ठरलं.

गाडी ट्रेलरवरून वुडव्हिलला वेल्टाच्या घरी आली त्या दिवशी तिचा मुलगा जूरिस घरी होता. तो सर्व्हेअर, माऊंट बार्करला राहणारा, स्वभावानं चांगला. बाप गेल्यापासून आईनं हे घर विकून वयस्कर लोकांच्या वसाहतीत दोन खोल्या घ्याव्यात म्हणून तो मागे लागला होता. तशा वसाहतींची माहितीपत्रकं तो बरोबरच घेऊन आला होता. शेडमध्ये उतरवलेल्या त्या सांगाड्याभोवती त्यानं एक फेरी मारली. फायबरची बॉडी उन्हात भेगाळलेली, चासी गंजून पापुद्रे सुटलेली, आत कोंबड्यांची शीट वीतभर.

"आई, बोटं बघून डॉक्टरांनी तुला शिवण बंद करायला सांगितलीय," तो म्हणाला. "आणि तू हे घेऊन आलीस?"

"दोन खोल्यांत हे मावेल का?" वेल्टानं विचारलं.

"नाही."

"मग झालं तर."

वेल्टाचा हा स्वभाव आजचा नव्हता. जन्म जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत, लाटव्हियातून पळालेल्या आईबापांच्या पोटी. पाच वर्षांची असताना बोटीतून ऑस्ट्रेलियात उतरली. शाळेत मास्तरीणबाईंनी तिचं नाव सोपं करून वेरा ठेवलं, तर वेरा म्हणून हाक आली की ही गप्प बसून राहायची. महिनाभर गैरहजेरी लागली. शेवटी बाईंनीच हात टेकले.

अठराव्या वर्षी ती पेनहॉलमध्ये शिलाईला लागली. कारखान्याच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या भिंतीआड पाच बायका आणि पाच मशीनं. जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की मशीनच्या लोखंडाला हात लावता येत नसे. डॉटरेलची पहिली गाडी बनली तेव्हा सीट बाहेरच्या कारागिराकडून करून घेतल्या होत्या. पाठीवर वरपासून खालपर्यंत सरळ उभ्या चुण्या. त्याच गाडीचा फोटो काढून जाहिरातपत्रक छापलं गेलं. दिसायला झकास, पण माणूस चारदा आत-बाहेर झाला की शिवण उसवायची. सीटची पाठ खांद्याशी रुंद आणि कमरेशी अरुंद, वरून खोलगट. त्यावर सरळ चुण्या ताणल्या जाणार नाहीत तर काय?

तशा चुण्यांच्या पहिल्या सहाही गाड्या परत आल्या. तेव्हा वेल्टानं जुन्या पडद्याच्या कापडावर एक नमुना कापला. चुण्या वर रुंद, खाली निमुळत्या, उघडलेल्या पंख्यासारख्या. फोरमननं तो बघून विचारलं, की पोरी, तू ब्लाउज शिवतेयस का गाडी? ती म्हणाली, बसून बघा. तो बसला. मग पेनहॉलसाहेब येऊन बसले. सातव्या गाडीपासून सगळ्या सीट तशाच झाल्या. जाहिरातपत्रक मात्र पुन्हा छापलं नाही. तेवढी कंपनीची ऐपत नव्हती.

पन्नासावी गाडी बाहेर पडली तेव्हा अंगणात सगळ्यांचा फोटो निघाला. शिलाईच्या बायकांना बोलावलं नाही. त्यांच्या ॲप्रनना दोरे चिकटलेले असतात, फोटोत वाईट दिसेल, असा निरोप आला. वर्षभरात कंपनी बंद पडली. वेल्टानं नंतर चाळीस वर्षं लोकांचे सोफे, बोटींच्या गाद्या, ट्रॅक्टरच्या सीट शिवल्या, संसार केला, नवऱ्याला पोचवलं. त्या फोटोबद्दल ती कधी बोलली नाही. विसरली मात्र नव्हती.

गाडीच्या कामाला अडीच वर्षं लागली. पलीकडच्या गल्लीत खोआ राहायचा. व्हिएतनामहून आलेला, पंचवीस वर्षं डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात रंगारी होता. रंगाच्या वाफांनी छाती कामातून गेली म्हणून वेळेआधी निवृत्त झालेला. तो आधी फक्त बघायला आला. मग म्हणाला, ताई, हे पुट्टीचं काम तुम्ही चुकीचं करताय. मग स्वतःचा तोंडाला लावायचा मोठा मास्क घेऊन आला, आणि त्यानंतर रोज येत राहिला. त्याची बायको पावात डुकराचं मटण आणि कोथिंबीर भरून डबा द्यायची. वेल्टा तिला बदल्यात राय या धान्याचा काळा पाव पाठवायची. तो त्या घरात कुणालाच आवडत नव्हता, पण परतही येत नव्हता.

चासी पूर्ण मोकळी करून त्यांनी गंज खरवडला, गेलेले तुकडे कापून नवे जोडले. वेल्डिंग वेल्टा खोआकडूनच शिकली. इंजिन साध्या घरगुती गाडीचंच होतं, ते ओळखीच्या मेकॅनिकनं उघडून भरून दिलं. बॉडीच्या एकेका भेगेत फायबर भरायचं, सुकलं की घासायचं, पुन्हा भरायचं. खोआ डोळे मिटून तळहात फिरवायचा आणि म्हणायचा, इथे अजून खड्डा आहे. वेल्टाला दिसायचा नाही. उजेड आडवा धरला की दिसायचा.

रंगावरून दोघांचं चांगलंच वाजलं. डॉटरेलचा रंग कारखान्यात जाडाभरडा मारलेला असायचा, जवळून संत्र्याच्या सालीसारखा दिसायचा. वेल्टाला तसाच हवा होता. खोआ म्हणाला, "ताई, मी आयुष्यात असा रंग मारला नाही. मारणार पण नाही. मारायचाच असेल तर झाडू घ्या आणि तुम्ही मारा." चार दिवस तो आलाच नाही. पाचव्या दिवशी वेल्टा त्याच्या घरी गेली आणि म्हणाली, रंग तुझा, शिवण माझी, कुणी कुणाच्या कामात तोंड घालायचं नाही. मग त्यानं गडद हिरवा रंग असा मारला की आरशाची गरज पडू नये. नंतर तीन आठवडे नुसतं रबिंग आणि मेण. जाळीच्या चाकांची एकेक तार त्यानं जुन्या बनियनच्या पट्टीनं ओढून पुसली. डॅशबोर्डच्या फटीतली धूळ दात घासायच्या ब्रशनं काढली. रबरी पट्ट्यांना बोटानं तेल चोळलं.

सीट वेल्टानं शेवटी घेतल्या. सकाळी उठल्या उठल्या हात गरम पाण्यात बुडवून ठेवायचे, बोटं सैल झाली की दीड तास काम, मग बंद. उजव्या अंगठ्याचं पेर तर वळेनासंच झालं होतं. जूरिस एकदा सकाळी अचानक आला आणि त्यानं आईला त्या गरम पाण्याच्या परातीपुढे बसलेलं पाहिलं. स्वयंपाकघरात जाऊन त्यानं दुसरं पाणी तापवून आणलं.

डॉटरेलवाल्यांचा एक क्लब होता. त्रेसष्टांपैकी चौदा गाड्या शिल्लक होत्या आणि त्यांच्या मालकांचा दरवर्षी स्ट्रॅथॲल्बिनच्या मैदानावर मेळा भरायचा. सगळ्यांत अस्सल गाडी कुठली ते गुण देऊन ठरवायचे. मुख्य परीक्षक डेस्मंड पेंगेली. निवृत्त दंतवैद्य, आवाज मऊ, टोपी नेहमी नीट. डॉटरेलचा इतिहास त्यानंच लिहिलेला, आणि क्लबात त्याच्या पुस्तकाचा शब्द अखेरचा मानला जायचा.

बाकीच्या गाड्या ट्रेलरवरून, कापड घालून आल्या. वेल्टा डोंगरातून स्वतः चालवत आली. शेजारच्या सीटवर खोआ. मैदानावर पोचल्याबरोबर त्यानं फडकी काढून गाडी पुसायला घेतली, कारण बोनेटवर किडे चिकटले होते आणि ते त्याला सहन होत नव्हतं. जूरिसही आला होता.

पेंगेलीनं सव्वा तास गाडी बघितली. आरसा लावलेली काठी खाली घालून चासी बघितली. रंगाबद्दल तो म्हणाला की जरा जास्तच चांगला आहे, पण त्याचे गुण कापणार नाही. मग सीटपाशी आला, पुस्तक उघडलं आणि चार गुण कापले.

"चुण्या सरळ हव्यात," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "ज्यानं शिवल्या त्यानं काम फार सुरेख केलंय. पण हे डॉटरेलचं नाही."

"मी शिवल्या," वेल्टा म्हणाली. "आताही, आणि तेव्हाही. सातव्या गाडीपासून अशाच होत्या."

पेंगेलीनं पुस्तकातला जाहिरातपत्रकाचा फोटो तिच्यापुढे धरला. तो म्हणाला, की पन्नास वर्षांनी आठवणी सरमिसळ होतात, माझ्याही होतात. तुम्ही पुष्कळ गाड्यांच्या सीट शिवल्या असतील. माझ्याकडे कागद आहे, आणि मला कागदावर चालावं लागतं. पुढच्या वर्षी सीट बदलून आणा, हीच गाडी पहिली येईल.

"तुमची गाडी कुठाय?" वेल्टानं विचारलं.

त्याची गाडी पाच पावलांवर होती. लाल, झगझगीत, पत्रकाबरहुकूम सरळ चुण्यांची. वेल्टा जागची हलली नाही. तिथूनच तिनं सांगितलं, ड्रायव्हरची सीट, उजवी बाजू, खालून दुसरी चुणी बघा, टाके ताणले असतील, नाहीतर उसवले असतील. एव्हाना दहा-बारा माणसं जमली होती. त्यांतला एक जण जाऊन वाकला, आणि हसू दाबत सरळ झाला. टाके उसवले होते. पेंगेलीनं आतून दोरा लावून ते झाकले होते, तेही दिसत होतं.

पेंगेलीचे कान लाल झाले, पण माणूस वेडा नव्हता. तो म्हणाला, "यावरून एवढंच कळतं की कंपनीची रचना वाईट होती. तुमची अस्सल आहे, हे कळत नाही."

खरं तर त्याच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि वेल्टालाही ते कळलं. जुनी सीट एकही उरली नव्हती. प्रत्येक मालकानं उंदीर, ऊन आणि काळाच्या तावडीतून वाचलेली गाडी आणून त्याच पत्रकावरून नव्या सीट करून घेतल्या होत्या. तिच्या बाजूनं सांगायला साक्षीदार नव्हता. परीक्षकाच्या कागदावर मालकाची सही लागायची. वेल्टानं पेन घेतलं, सहीच्या जागी एक रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'मान्य नाही.' मग तिनं पूर्ण नाव लिहिलं.

परतीच्या वाटेवर जूरिस तिच्या शेजारी बसला, खोआला त्यानं आपली गाडी चालवायला दिली. तो संतापला होता. वर्तमानपत्राला पत्र लिहू, क्लबला वकिलाची नोटीस पाठवू, असं काहीबाही बोलत होता. वेल्टा वळणं घेत राहिली.

"आई, निदान पुढच्या वर्षी येऊ नकोस इथे," शेवटी तो म्हणाला.

"का नको? दरवर्षी येणार. त्याला दरवर्षी चार गुण कापू दे. माझ्या तोंडावर कापू दे."

बरोबरच्या चौघी शिलाईवालींचा तिनं शोध मात्र घेतला. दोघी वारल्या होत्या. एक इटलीला परत गेली होती आणि पत्राचं उत्तर आलं नाही. चौथी असुंता दी फाझिओ कॅम्पबेलटाऊनच्या एका वृद्धाश्रमात होती, आणि तिला माणसं ओळखू येत नव्हती. तरी वेल्टा गेली. असुंता तिला आधी आपली बहीण समजली, मग नर्स समजली. नर्सेसच्या परवानगीनं वेल्टानं तिला चाकाच्या खुर्चीवरून बाहेर आणलं आणि दोघी-तिघींच्या मदतीनं डॉटरेलमध्ये बसवलं. म्हटलं, निदान एक चक्कर मारून आणू, ही तरी कुठे बसली होती कधी?

चक्कर मारायची राहूनच गेली. असुंतानं पाठ टेकली, मग वळून सीटच्या पाठीवर हात ठेवला. बोटं एका चुणीवरून खाली गेली, दुसरीवरून वर आली. सगळ्या चुण्या झाल्यावर ती डाव्या कडेच्या शेवटच्या चुणीवर थांबली.

"इथे पुन्हा अर्धं बोट कमी कापलंस," ती चिडून म्हणाली. "कितीदा सांगायचं तुला, लाटव्हियन? डावीकडे कात्री तिरकी धरतेस तू."

वेल्टानं बघितलं. खरंच अर्धं बोट कमी होतं. पन्नास वर्षांत तिची ती खोड गेली नव्हती आणि दुसऱ्या कुणाच्या आजवर लक्षातही आली नव्हती. ती असुंताच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. असुंता तिला, फोरमन येईल, ऊठ, म्हणत राहिली.

हे क्लबात सांग, असं खोआनं तिला सुचवलं. ती म्हणाली, नाही सांगणार. पेंगेली विचारील, की ज्या बाईला स्वतःचा मुलगा ओळखता येत नाही तिची साक्ष कशी धरायची? असुंताबद्दल असं कुणी विचारलेलं मला ऐकायचं नाही. आणि मला आता साक्षीची गरज पण नाही. असुंता त्याच हिवाळ्यात गेली.

पुढल्या वर्षी वेल्टा मैदानावर गेली. चार गुण कापले गेले, तिनं सहीच्या जागी तीच रेघ ओढली. त्याच्या पुढल्या वर्षीही तेच. पेंगेलीनं मध्ये पुस्तकाची नवी आवृत्ती काढली. तिच्यात एक्केचाळिसाव्या गाडीचा देखणा फोटो होता आणि खाली ओळ होती, 'सीट मूळच्या नाहीत.' वेल्टानं आपल्या प्रतीत ती ओळ शाईनं खोडली आणि समासात लिहिलं, 'मूळच्या आहेत. मी शिवल्या. वेल्टा ओझोला, पेनहॉल, शिलाई.' ते क्लबातल्या कुणीतरी बघितलं. मेळ्याच्या दिवशी पोर्ट लिंकनचा एक मासेमारीच्या बोटीवरचा माणूस आपली प्रत घेऊन आला आणि म्हणाला, माझ्यातही लिहा. त्याच्या गाडीच्या सीटची शिवण दर दोन वर्षांनी उसवायची. नंतर त्यानं गाडीच्या दोन्ही सीट काढून तिच्या शेडवर आणल्या. वेल्टानं त्याला आधीच बजावलं, की चार गुण जातील. तो म्हणाला, जाऊ देत, मला गाडीत बसायचंय.

त्या सीट तिनं सहा महिन्यांत केल्या. मशीनवर आता खोआ बसतो, ती कापून देते आणि शेजारी उभी राहून चुका काढते. खोआ म्हणतो, ताई, कुणी कुणाच्या कामात तोंड घालायचं नाही असं ठरलं होतं. ती म्हणते, ते रंगाचं ठरलं होतं. त्यानंतर माऊंट गँबियरच्या एका शिक्षिकेच्या गाडीच्या सीट झाल्या.

गेल्या मेळ्याला पंख्याच्या चुण्यांच्या तीन गाड्या मैदानावर एका ओळीत उभ्या होत्या. पेंगेली पहिलीपाशी आला, चार गुण कापले. दुसरीपाशी कापले. तिसरी वेल्टाची. तिथे त्यानं हातातला कागद खाली केला आणि विचारलं, की एकदा बसून बघितलं तर चालेल का?

"बसा की," वेल्टा म्हणाली. "नाही कुणी म्हटलंय?"

तो बसला. पाठ टेकली, खांदे हलवून बघितले, पुन्हा टेकली. बाहेर आल्यावर त्यानं चार गुण कापलेच. तिनं रेघ ओढून 'मान्य नाही' लिहिलं आणि कागद त्याच्या हातात दिला. मग दोघांनी मैदानावरच्या तंबूत एकाच टेबलावर चहा घेतला. चुण्यांबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. उठताना पेंगेलीनं विचारलं, पुढल्या वर्षी येणार ना? ती म्हणाली, ही काय विचारायची गोष्ट झाली?

जूरिस अजून अधूनमधून दोन खोल्यांचा विषय काढतो. शेडमध्ये सध्या तस्मानियाहून आलेल्या चौथ्या गाडीच्या सीट आहेत.